कुडवा ते कोहमारा, व्हाया तिसरा गिअर

पहिली कार घ्यायची म्हटलं की ऑफिसातला प्रत्येक जण एक्स्पर्ट होतो. बीएचपी, सीसी, ॲव्हरेज... आकड्यांचा नुसता पाऊस! पण गाडीला दम किती आणि ती चालवण्यात मजा किती, हे कोणत्या आकड्यावरून ओळखायचं? उत्तर शोधायला आम्ही चार छोट्या गाड्या घेऊन निघालो, गोंदियाजवळच्या कुडव्याहून.

शुक्रवार, संध्याकाळचे साडेचार. पुण्यातल्या ज्या ऑफिसात मी एक टेबल भाड्याने घेऊन बसते, तिथल्या पँट्रीत कॉफी मशीनपेक्षा जास्त वाफ आमच्या गप्पांतून निघत होती. विषय होता माझी पहिली कार. "नव्वद बीएचपीच्या खाली घेऊच नकोस." "टर्बो घे, टर्बो! बाकी सगळं आउटडेटेड." "अगं, तुला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्येच फिरायचंय ना, मग ऑटोमॅटिक घे आणि विषय संपव." सल्ला देणाऱ्यांपैकी दोघांकडे कार नाही, आणि तिसऱ्याची कार त्याचा ड्रायव्हर चालवतो. असो.

त्याच रात्री घरी फोन झाला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पिकअप कसा आहे?"

मी म्हटलं, "बाबा, ब्याऐंशी हॉर्सपॉवर."

"ते नाही विचारून राह्यलो. पिकअप कसा आहे?"

आता बॉस, प्रॉब्लेम इथेच सुरू होतो. ब्रोशरमध्ये पॉवर असते, टॉर्क असतो, बूट स्पेस लिटरमध्ये असते, अगदी ॲम्बियंट लाइटिंगचे रंगसुद्धा असतात. 'पिकअप' नावाचा कॉलम मात्र नसतो. आणि आपल्याकडे तर अख्खा महाराष्ट्र गाडी घेताना नेमकं तेवढंच विचारतो!

बाबांचं म्हणणं सरळ होतं. दिवाळीला घरी येशील तेव्हा दोन-चार गाड्या कोहमाऱ्याच्या रस्त्यावर चालवून बघ, मग पैसे भर. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचं ड्रायव्हिंग बंद आहे. नागपूरच्या चेकअपला आता त्यांना मी नेणार, आई मागे बसणार. म्हणजे ही गाडी फक्त माझ्या वीकेंडसाठी नव्हती. मला ते फोनवर कळलं, त्यांनी बोलून दाखवलं नाही.

चार गाड्या, एक चहाची टपरी

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कुडवा म्हणजे गोंदियाला खेटून असलेलं आमचं गाव. आता शहर सरकत सरकत आमच्या अंगणातच आलंय. राईस मिल, प्लॉटिंगचे बोर्ड, कोचिंग क्लास आणि त्यामधूनच जाणाऱ्या धानाच्या ट्रॉल्या. दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता कुडवा नाक्यावर आम्ही जमलो तेव्हा टपरीवाल्याला वाटलं, कुणाची तरी वरातच निघालीय.

लाइनअप असा होता. एक, बाबांची २००१ ची मारुती झेन. फिकट सोनेरी रंगाची, दोनदा पासिंग करून घेतलेली, आतून अजून नवीकोरी. दोन, देवरीला शिक्षक असलेल्या चुलतभावाची २०१२ ची स्विफ्ट डिझेल. तीन, रायपूरला नोकरी करणाऱ्या शाळेतल्या मित्राची सेकंडहँड फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. आणि चार, बँकेतल्या मामेबहिणीची नवी पेट्रोल स्विफ्ट, म्हणजे मे २०२४ मध्ये बाजारात आलेलं तीन सिलिंडरचं मॉडेल.

रूट सोपा. कुडव्यातून गोंदियाला वळसा घालून फुलचूर, तिथून गोरेगाव, मग मुरदोलीचं जंगल आणि शेवटी कोहमारा, जिथे हा रस्ता नागपूर-रायपूर हायवेला मिळतो. चाळीसेक किलोमीटर. या रस्त्यात सगळं आहे. शहरातली रांगणारी गर्दी, शेतांमधले सरळ पट्टे, जंगलातली वळणं. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक स्पेशल आयटम असतो: धानाने गच्च भरलेले ट्रक आणि टेललाइट नसलेले ट्रॅक्टर!

आमच्या सगळ्या टेस्टचा हिरो तो ट्रकच ठरला.

ट्रकच्या मागे

गोरेगाव सुटल्यावर पहिला ट्रक भेटला. ताडपत्रीतून कोंडा उडत होता आणि ताशी पन्नासच्या वेगाने महाराज निवांत चालले होते. मी नव्या स्विफ्टमध्ये, चौथ्या गिअरला. समोरचा रस्ता रिकामा दिसला, इंडिकेटर दिला, ॲक्सिलरेटर दाबला... आणि काहीच झालं नाही. म्हणजे गाडी पुढे सरकत होती, पण सरकारी फायलीसारखी. ट्रकच्या मधल्या चाकापाशी पोहोचले आणि लांबवर समोरून एक पिवळी बस दिसली. मी ब्रेक मारून पुन्हा मागे आले. हाताला घाम.

मागून स्विफ्ट डिझेलमधल्या दादाचा फोन, स्पीकरवर. "काऊन वं, भेली का?"

शेजारी बसलेल्या बाबांनी फक्त एवढंच म्हटलं, "ब्याऐंशी घोडे आहेत ना? मग उठव त्यांना. झोपून राह्यले."

पुढच्या सरळ पट्ट्यात त्यांनी सांगितलं तसं केलं. ओव्हरटेकला निघण्याआधीच, ट्रकच्या मागे असतानाच, गिअर चौथ्यावरून थेट दुसऱ्यात. इंजिन ओरडलं. मामेबहीण मागच्या सीटवरून "अगं फुटेल!" म्हणून ओरडली. आणि तीच गाडी, तीच मी, तेच पेट्रोल, पण ट्रक कधी मागे गेला कळलंच नाही. डाव्या लेनमध्ये येताना तिसरा टाकला आणि हसायलाच लागले. चार वर्षं भाड्याच्या आणि मित्रांच्या गाड्या चालवून मला जे कळलं नव्हतं, ते त्या दोन मिनिटांत कळलं.

आता जरा गणित. घाबरू नका, दहावीचंच आहे.

ब्रोशरमधला आकडा कुठे राहतो?

इंजिनची ताकद म्हणजे टॉर्क गुणिले इंजिनचे फेरे. न्यूटन-मीटरचा आकडा घ्या, आरपीएमने गुणा आणि साधारण सात हजाराने भागा. आला हॉर्सपॉवरचा आकडा! एवढा एकच फंडा क्लिअर झाला तरी शोरूममधल्या सेल्समनची निम्मी हवा जाते.

नव्या स्विफ्टचे ८२ हॉर्सपॉवर मिळतात ५,७०० आरपीएमला. जास्तीत जास्त टॉर्क आहे सुमारे ११२ न्यूटन-मीटर, तोही ४,३०० ला. पण चौथ्या गिअरला ताशी पन्नासने चालताना इंजिन फिरत असतं दोन हजारच्या आसपास. समजा, उदार मनाने तिला तिथेही पूर्ण ११२ दिले, तरी ताकद निघते बत्तीसच्या आत. म्हणजे पन्नास घोडे खरंच झोपलेले! दुसऱ्या गिअरला इंजिन चार हजारच्या जवळ जातं आणि तीच गाडी साठाच्या वर ताकद देते. बाबांनी हे गणित कधी मांडलं नसेल, पण पंचवीस वर्षं झेन चालवणाऱ्या माणसाच्या डाव्या पायाला ते पाठ आहे.

आता दादाची जुनी डिझेल स्विफ्ट बघा. कागदावर ७५ हॉर्सपॉवर, म्हणजे नव्या पेट्रोलपेक्षा कमीच. पण टॉर्क १९० न्यूटन-मीटर, आणि तो मिळतो नेमका दोन हजार आरपीएमला. करा गुणाकार... चौपन्न! ज्या वेगाला पेट्रोलवाली बत्तीसवर अडकली, तिथे ही बारा-तेरा वर्षं जुनी गाडी चौपन्न घेऊन उभी. पोलो जीटीचा टर्बो पेट्रोल १७५ न्यूटन-मीटर देतो, तोही पंधराशेपासून चार हजारच्या पुढेपर्यंत सपाट. दोन हजारला पन्नास हॉर्सपॉवर. पँट्रीतला माझा मित्र 'टर्बो घे' म्हणत होता तेव्हा त्याला हे माहीत होतं की नाही देव जाणे, पण तो चुकीचं बोलत नव्हता.

हे नुसतं थ्रिल नाही, हे लक्षात घ्या. ढोबळ हिशेब मांडू. ट्रक पन्नासने चाललाय, तुम्ही त्याच्या पंधरा मीटर मागून निघून पंधरा मीटर पुढे येऊन लेनमध्ये शिरायचं. योग्य गिअरमध्ये असाल तर साधारण साडेसात सेकंद, आळशी गिअरमध्ये साडेदहा. तीनच सेकंदांचा फरक! पण समोरून कुणी ताशी सत्तरने येत असेल, तर पहिल्या वेळी तुम्हाला रिकामा रस्ता लागतो सुमारे तीनशे मीटर आणि दुसऱ्या वेळी चारशे. मधले शंभर मीटर म्हणजे बसच्या काचेवरचं देवाचं नाव वाचता येण्याचं अंतर.

माझी आई मागच्या सीटवर बसणार आहे त्या गाडीत. मला तो शंभर मीटरचा हिशेब त्या दिवसानंतर डोक्यातून काढता आला नाही.

बाराशे सीसी कुणी ठरवलं?

कोहमाऱ्याला पोहे-तर्री खाताना दादाने एक चांगला प्रश्न काढला. सगळ्या छोट्या पेट्रोल गाड्या ११९७ किंवा ११९९ सीसीच्याच का असतात? इंजिनिअरांना बाराशे आकडा इतका आवडतो?

इंजिनिअरांना नाही, अर्थमंत्रालयाला! २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांवरची एक्साइज ड्युटी २४ टक्क्यांवरून १६ वर आली. अट अशी की लांबी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत. झालं, कंपन्यांनी टेप हातात घेतली. मे २००५ मध्ये आलेली पहिली स्विफ्ट १.३ लिटरची होती, ८७ हॉर्सपॉवरची, आणि तिच्या पिकअपचे किस्से कॉलेजच्या कट्ट्यांवर चालायचे. २०१० मध्ये तिच्या जागी १.२ लिटरचं इंजिन आलं. पुढे एक्साइज गेली, जीएसटी आला, पण रेषा तीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून याच मापातल्या गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक सेसवरून थेट १८ टक्के झाला आणि मापाबाहेरच्यांवर ४० टक्के. म्हणजे आपल्या गाडीला किती दम असावा, हे निम्मं तर टॅक्सच्या टेबलावर ठरतं. त्या मापात राहून ताकद वाढवायची तर एकच मार्ग उरतो, टर्बो. इंजिन तेवढंच ठेवायचं आणि बाहेर वाया जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर पंखा फिरवून आत जास्त हवा कोंबायची.

ही सगळी स्टोरी तशी आपल्या मातीतलीच. बाबांच्या पिढीची प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याला बनायची, १०८९ सीसी आणि चाळीस हॉर्सपॉवर. त्याच कुर्ल्यात पुढे फियाट पालिओ बनली. २००१ मध्ये आलेल्या तिच्या १.६ लिटरच्या मॉडेलला शंभर हॉर्सपॉवर होते, जाहिरातीत साक्षात सचिन तेंडुलकर, आणि तरी ज्याला त्याला तिचं ॲव्हरेजच आठवतं. दादाच्या स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं मल्टिजेट हे डिझाइनही फियाटचंच. मारुतीने ते लायसन्सवर मानेसरला बनवलं, फियाट आणि टाटांनी आपल्या रांजणगावला. एकाच इंजिनाने स्विफ्ट, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा किती घरांत संसार केला! लोक गमतीने त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले, छोट्या डिझेलचा धूर स्वच्छ करणं महाग पडायला लागलं आणि ते इंजिन गेलं. पोलो चाकणची. ती २०२२ मध्ये बंद झाली. त्यामुळे आमच्या चारपैकी तीन गाड्या आज शोरूममध्ये मिळतच नाहीत, आणि हे सगळे जण मला हिणवत होते की तुझी नवी गाडीच सगळ्यात सुस्त!

डिझेलचा तो दोन हजारचा दम नवीन हॅचबॅकमध्ये पाहिजेच असेल तर टाटा अल्ट्रोझ आहे, दीड लिटर, ९० हॉर्सपॉवर आणि २०० न्यूटन-मीटर. माझं महिन्याचं रनिंग डिझेल परवडण्याइतकं नाही, म्हणून ती यादीतून गेली. तुमचं असेल तर नक्की चालवून बघा.

मग मजा कशात?

दुपारी गाड्यांची अदलाबदल झाली. आणि इथे माझा गणितावरचा विश्वास थोडा डळमळला.

डिझेल स्विफ्ट आधी. अठराशेच्या खाली गाडी जणू झोपेतून उठलेली, आणि मग दोन हजारला मागून कुणीतरी धक्का दिल्यासारखा एक लोंढा येतो. पहिल्यांदा मी दचकले, तिसऱ्यांदा वाट बघायला लागले. तिसऱ्या-चौथ्यात सगळं भागतं, गिअर बदलायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी स्वर्ग. पण साडेतीन हजारच्या पुढे दम संपतो आणि नाक जड लागतं. वळणावर आधी तेच आत शिरायला नाही म्हणतं.

पोलो जीटी म्हणजे हायवेची राणी, यात वाद नाही. सात गिअर, ड्युअल क्लच, पाय दाबला की खालचा गिअर आपोआप. ट्रक? कुठला ट्रक? स्टिअरिंग वजनदार, दरवाजा बंद होताना बँकेच्या तिजोरीसारखा आवाज. मित्र अभिमानाने माझ्याकडे बघत होता. मी पण "झकास!" म्हटलं आणि मनापासून म्हटलं. पण पंधरा मिनिटांनी लक्षात आलं, की सगळे निर्णय गाडी घेतेय आणि मी नुसती सही करतेय. रोजच्या ट्रॅफिकमध्ये हे वरदान आहे. रविवारी सकाळी जरा जास्तच सोपं वाटलं. शिवाय गिअरबॉक्सचं काही काम निघालं तर गाडी घेऊन नागपूर गाठायचं, हे मित्राने स्वतःच सांगितलं. प्रामाणिक माणूस.

आणि झेन. खरं सांगू? मी ती फक्त बाबांचं मन राखायला घेतली होती. पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाही, ९९३ सीसीचं इंजिन, सांगण्यापुरते साठ हॉर्सपॉवर. एसी लावला की त्यातलेही काही कॉम्प्रेसर खातो. पण गाडीचं वजन नव्या गाड्यांपेक्षा दीडेकशे किलोने कमी, सीट जमिनीलगत, आणि चार सिलिंडरचं ते छोटंसं ॲल्युमिनियमचं इंजिन चार हजारच्या पुढे गेलं की शिवणयंत्रासारखं एकसुरात गायला लागतं. रस्त्यावरचा खडासुद्धा तळहातात कळतो. ताशी साठला ही गाडी जेवढी मजा देते, तेवढी पोलो शंभरला देत नाही. गंमत म्हणजे स्पीडोमीटर बघितला तर तुम्ही कुणाच्याही पुढे गेलेले नसता! छोट्या गाडीची खरी मजा हीच असावी: सगळी ताकद वापरायची, तरी कायद्याच्या आत राहायचं.

परत नव्या स्विफ्टमध्ये बसले तेव्हा तिच्याकडे बघण्याची नजर बदलली होती. चारचं तीन सिलिंडर झालं, म्हणून पँट्रीत नाकं मुरडली गेली होती. तीन सिलिंडरमध्ये स्फोट १८० ऐवजी २४० अंशांनी होतो, म्हणून सिग्नलला उभी असताना एक बारीक थरथर सीटमधून जाणवते, हे खरं. पण तीन सिलिंडर म्हणजे काही आजचं खूळ नाही, १९८३ ची मारुती ८०० सुद्धा तिनाचीच होती आणि तिने अर्धा देश फिरवला. नव्या इंजिनाचे घोडेही जुन्या १.२ च्या ९० वरून ८२ झाले, पण खालच्या आरपीएमला ती मला जुन्या पेट्रोल स्विफ्टपेक्षा तरतरीत वाटली. गाडी हलकी आहे, गिअर लोण्यासारखे पडतात. स्टिअरिंग मात्र व्हिडिओ गेमचं. सोपं, हलकं आणि मुकं. सहा एअरबॅग सगळ्या मॉडेल्सना आहेत, हे आईला सांगितल्यावर ती पहिल्यांदा या विषयात इंटरेस्ट घेऊन म्हणाली, "हे आधी सांगायचं ना!"

पेट्रोल पंपावर आणखी एक गोष्ट. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल तांदळापासूनही बनतं. म्हणजे ज्या धानाच्या ट्रकमागे आम्ही सकाळपासून अडकतोय, त्याचाच कुणी भाऊबंद टाकीत! इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज थोडं पडतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच सहा-सात टक्क्यांचा अंदाज होता. बाबा झेनचं ॲव्हरेज डायरीत लिहितात, त्यामुळे आमच्याकडे हा विषय काढायची सोय नाही.

मुरदोली, संध्याकाळी साडेपाच

परतीला उशीर झाला. या दिवसांत अंधार लवकर पडतो, आणि मुरदोलीच्या जंगलात तर त्याहून लवकर. हा पट्टा नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांना जोडणारा. २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, पण वाघाला रस्त्याच्या कडेचे बोर्ड वाचता येत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये एका रात्री इथेच एका कारने वाघाला धडक दिली. जखमी होऊन रस्त्याकडेला फरपटत जाणाऱ्या त्या वाघाचा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. तो वाचला नाही.

सकाळी ज्या वळणांवर मी गिअर खाली मारून खिदळत होते, तिथे आता सगळे गप्प. पोलोवाला मित्र सगळ्यात पुढे होता, तो चाळीसवर आला. त्याच्या मागे आम्ही सगळे. इथेही एक हिशेब आहे आणि तो कुठल्याच टेस्ट रिपोर्टमध्ये नसतो. लो-बीमचा उजेड पडतो पन्नास-साठ मीटर. ताशी ऐंशीला, एका सेकंदात ब्रेकवर पाय गेला असं धरलं, तरी गाडी थांबायला तेवढेच मीटर लागतात. पन्नासला त्याच्या निम्मे. इंजिन ९९३ सीसीचं असो की टर्बो, उजेड सगळ्यांचा सारखाच!

एका जागी बाबांनी काच खाली केली. पानांचा आणि ओल्या मातीचा वास आत आला. कुठेतरी चितळाचा आवाज झाला, आणि चार गाड्यांमधल्या नऊ माणसांपैकी कुणीही हॉर्न वाजवला नाही.

आणि मी घेतली...

महिनाभराने मी नवी पेट्रोल स्विफ्ट बुक केली. मॅन्युअल. पँट्रीत शोकसभा झाली. "टर्बो नाही? ऑटोमॅटिक पण नाही?" मी त्यांना न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम समजावायचा प्रयत्न केला, पण तोवर कॉफी संपली होती.

माझं लॉजिक असं. वर्षातले अकरा महिने गाडी पुण्यात रांगणार, तिथे टर्बोचे जादा पैसे सिग्नलला उभे राहणार. उरलेला महिना ती कुडव्याला असणार. तिथे जो दम लागतो तो या इंजिनात आहे, फक्त तो मागून घ्यावा लागतो. आणि मागून घेणं मला आवडायला लागलंय. तुम्ही दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर करत असाल किंवा चार माणसं नि सामान घेऊन घाट चढत असाल, तर माझं ऐकू नका, टर्बोच घ्या. टेस्ट ड्राइव्हला मात्र सेल्समनच्या ठरलेल्या सर्कलमध्ये फिरू नका. घरची माणसं सोबत न्या, सगळ्यांना आत बसवा, एसी फुल करा, चौथ्या गिअरला चाळीसवर आणा आणि पाय दाबून बघा. मग तिसऱ्यात तेच, मग दुसऱ्यात. दहा मिनिटांत पिकअपचा कॉलम तुमचा तुम्हाला भरता येईल. मी ज्या शोरूममध्ये गेले होते (नाव नको), तिथल्या पोराने मला फक्त टचस्क्रीन दाखवला होता. वर "मॅडम, इंजिनचं काय, सगळ्यांची सेमच असतात," हे ऐकवलं ते वेगळं.

जानेवारीत बाबांना चेकअपला घेऊन पहिल्यांदा नागपूरला निघाले. कोहमाऱ्याच्या रस्त्यानेच. डिकीत आत्यासाठी चिन्नोरचे दोन कट्टे, मागे आई, शेजारी बाबा गडद काळ्या चष्म्यात. मुरदोलीच्या अलीकडे एक ट्रक लागला, तसाच गच्च, तसाच निवांत. मी दुसरा टाकायला क्लच दाबला.

"थांब," बाबा म्हणाले. "पुढे वळण आहे."

थांबले. दोन किलोमीटर आम्ही त्या ट्रकच्या मागे कोंडा खात गेलो. मागून एक एसयूव्ही हॉर्न वाजवत, वळणावरच, सुसाट निघून गेली. आईने रामाचं नाव घेतलं. मग वळण संपलं, झाडं विरळ झाली, समोर लांबच लांब मोकळा रस्ता उघडला. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे बारीक करून पुढे बघितलं.

"हं," ते म्हणाले, "आता उठव."